मे महिन्यात कापूस आला कुठून? जिनिंगच्या काट्यावरचं एक प्रकरण

काटा बंद आहे, एवढंच धरणगावच्या जिनिंगचे शेठ म्हणाले आणि फोन ठेवला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, आणि काटा म्हणजे तिथे कापसाच्या गाड्या तोलायचा वजनकाटा. तारीख १६ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. खान्देशात गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर काटापूजन होतं, पेढे वाटले जातात, फोटो निघतात; पण कापसाची खरी आवक दसऱ्यानंतरच सुरू होते. दिवाळीच्या खर्चाला हातात पैसा हवा म्हणून पहिल्या वेचणीचा कापूस शेतकरी याच दिवसांत काढतो. दिवाळी तोंडावर आणि जिनिंगचा काटा बंद, म्हणजे पुढचं सांगायला नको. मी कॉम्प्युटर दुरुस्तीवाला; जळगावहून धरणगाव गाठायला तासभर लागला.

फाटकापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर आणि छोटे हत्ती, म्हणजे छोटे टेम्पो, उभे होते. ट्रॉलीवर कापसातच आडवा झालेला एक जण माझी बॅग बघून म्हणाला, "काय भाऊ, काटा कव्हय चालू व्हई?" मी नुसती मान हलवली. न बघता वेळ सांगायची नाही, हे मी या धंद्यात दोनदा तोंडघशी पडून शिकलोय.

केबिनमध्ये गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की काटा बंद नव्हताच. वजन दाखवणाऱ्या इंडिकेटरवर लाल आकडे नीट दिसत होते, वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचं सील जागच्या जागी होतं. बंद होता तो कॉम्प्युटरवरचा पावतीचा प्रोग्राम. मुनीमजी इंडिकेटरचा आकडा बघून जुन्या पावतीपुस्तकात हाताने लिहीत होते. भरलेल्या गाडीचं वजन, मग रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, भाव, रक्कम. एका गाडीला दहा मिनिटं. प्रोग्राम दोन मिनिटांत करायचा. रांग होती ती या आठ मिनिटांच्या फरकाची.

आता हा प्रोग्राम काय आहे ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. २००६ साली जळगावच्या एका पोराने तो व्हिज्युअल बेसिक ६ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिला. सगळा डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या एका एमडीबी फाइलमध्ये. काट्याचं वजन सीरियल केबलने सरळ खिडकीत येतं, पावती डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर मराठीत निघते, शेतकऱ्याचा खातेउतारा निघतो. लिहिणारा पुढे पुण्याला नोकरीला गेला, त्याचा नंबर लागत नाही आणि सोर्स कोड, म्हणजे त्याने लिहिलेला मूळ मजकूर, कुणाकडेच नाही. खान्देशातल्या कितीतरी जिनिंग, दालमिल, अडत दुकानांत असाच एखादा प्रोग्राम असतो. त्याला कुणी हात लावत नाही, तोवर तो उत्तम चालतो.

यावेळी हात लावला तो शेठच्या भाच्याने. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला आला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, पुढे सुरक्षा अपडेट मिळणार नाहीत, हे त्याने वाचलेलं. मामांचा सगळा हिशेब या मशिनवर, तेव्हा त्याची काळजी चुकीची नव्हती. मशीन २०१९ चं, आठव्या पिढीचं आय-थ्री, त्यामुळे विंडोज ११ च्या प्रोसेसरच्या अटीत बसत होतं. अडचण एकच. या जुन्या प्रोग्रामपायी कुणीतरी त्यावर मुद्दाम ३२ बिटचं, म्हणजे जुन्या धाटणीचं, विंडोज १० टाकलेलं होतं. विंडोज ११ ला ३२ बिटची आवृत्तीच नाही. म्हणजे आहे त्यावर चढवता येत नाही, पाटी पुसून नव्याने टाकावं लागतं. आणि नव्याने टाकलं की दहा दिवसांत मागे फिरायची जी सोय साध्या अपग्रेडनंतर मिळते, तीही नसते.

भाच्याने नवी एसएसडी डिस्क बसवली, रॅम वाढवली, विंडोज ११ टाकलं, प्रोग्रामचा फोल्डर जुन्या डिस्कवरून उचलून "प्रोग्राम फाइल्स"मध्ये ठेवला. रात्री दोनपर्यंत बसला होता बिचारा. जुनी हार्डडिस्क पुसली नाही, टेबलाच्या खणात ठेवली. त्याने केलेल्या सगळ्या कामांत हे काम सोन्याचं ठरलं. हंगाम संपेपर्यंत थांबताही आलं असतं, कारण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय ठेवलेली आहे. पण ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. मामा शेजारीच उभे होते.

कंपॅटिबिलिटी मोड

प्रोग्रामच्या आयकॉनवर राइट क्लिक करून मी प्रॉपर्टीज उघडल्या. अपेक्षेप्रमाणे "विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३"ची खूण होती, "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ची होती, रंग कमी करायचीसुद्धा होती. सगळ्या खुणा काढून टाकल्या. भाचा म्हणाला, "काका, तेच तर करायला सांगतात सगळीकडे."

सांगतात खरं. पण हा मोड करतो काय? प्रोग्रामने विचारलं की "मी कोणत्या विंडोजवर आहे?" तर त्याला खोटं उत्तर देतो, आणि जुन्या विंडोजच्या काही लकबींची नक्कल करतो. म्हाताऱ्याला सांगावं की साल अजून पंच्याऐंशीच चालू आहे. तो खूश होईल, पण त्याचा चष्मा हरवला असेल तर त्याला पेपर वाचता येणार नाही तो नाहीच. जी फाइल मशिनवर नाही, जो ड्रायव्हर बसलेला नाही, ते या मोडने उगवत नाही. उलट पाच ठिकाणी खुणा करून ठेवल्या की कशामुळे काय झालं हे कळेनासं होतं. म्हणून मी आधी मशीन भाच्याच्या उपचारांपूर्वीच्या अवस्थेत आणलं आणि मग प्रोग्राम काय म्हणतो ते शांतपणे वाचलं.

तो म्हणत होता, "एमएसकॉम३२.ओसीएक्स किंवा तिला लागणारी एखादी फाइल नीट नोंदलेली नाही."

हा चष्मा. व्हिज्युअल बेसिक ६ चा मूळ रनटाइम, म्हणजे त्यातले प्रोग्राम चालायला लागणारा पाया, विंडोज ११ सोबतही येतो, त्यामुळे "इतका जुना प्रोग्राम आता चालणारच नाही" हे म्हणणं खरं नाही. पण सीरियल पोर्टशी बोलणारी, तक्ता दाखवणारी, फाइल निवडायची खिडकी देणारी जी जोडसामग्री असते, त्या ओसीएक्स फाइली विंडोजसोबत येत नाहीत. त्या प्रोग्राम बनवणाऱ्याने सेटअपमधून द्यायच्या असतात. नुसता फोल्डर उचलून आणला की त्या मागेच राहतात, कारण त्या फोल्डरमध्ये नव्हत्याच, जुन्या विंडोजच्या सिस्टम३२ मध्ये होत्या. इथे खणातली डिस्क पहिल्यांदा कामाला आली. यूएसबीच्या डबीत घालून ती जोडली आणि लागतील त्या फाइली तिथूनच घेतल्या. अशा फाइली फुकट देणाऱ्या साइट ढिगाने आहेत. हिशेबाच्या मशिनवर तिथली फाइल मी कधीच टाकत नाही.

ठेवायच्या कुठे, यात भलेभले फसतात. ६४ बिट विंडोजमध्ये "सिस्टम३२" नावाच्या फोल्डरमध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या असतात त्या "सिसवॉव६४" नावाच्या फोल्डरमध्ये. नावं उलटी वाटतात, पण आहे ते असंच. भाच्याने एक फाइल कुठून तरी आणून सिस्टम३२ मध्ये ठेवली होती, म्हणून ती असूनही नसल्यासारखी होती. मी ती काढली, जुन्या डिस्कवरच्या तीन फाइली सिसवॉव६४ मध्ये ठेवल्या आणि ॲडमिनिस्ट्रेटरच्या काळ्या खिडकीतून, त्याच फोल्डरमधलं रेगएसव्हीआर३२ हे नोंदणीचं साधन वापरून नोंदवल्या. सगळा फोल्डरही "प्रोग्राम फाइल्स"मधून उचलून सरळ सी ड्राइव्हवर "काटा" नावाने ठेवला. जुने प्रोग्राम स्वतःच्याच फोल्डरमध्ये डेटा लिहितात. "प्रोग्राम फाइल्स"मध्ये विंडोज तसं करू देत नाही, पण नाहीही म्हणत नाही. ते लिखाण गुपचूप त्या लॉगिनच्या खासगी कोपऱ्यात वळवतं. या मशिनवर दोन लॉगिन होते, दिवसा काट्यावरच्या पोऱ्याचं, संध्याकाळी मुनीमजींचं. पोऱ्याने फाडलेल्या पावत्या मुनीमजींना दिसल्या नसत्या, आणि मग जिनिंगमध्ये कुणावर संशय गेला असता ते सांगायची गरज नाही.

प्रोग्राम उघडला. डेटाबेस सापडत नाही म्हणाला. ते पाच मिनिटांचं काम होतं: प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा ओडीबीसीचा दुवा भाच्याने ६४ बिटच्या खिडकीत बनवला होता, ३२ बिटच्या प्रोग्रामला तो दिसत नाही, ३२ बिटच्या खिडकीत पुन्हा बनवला.

काटा बोलेना

खिडकीत वजनाच्या जागी मात्र शून्य. बाहेर काट्यावर भरलेली ट्रॉली, इंडिकेटरवर ५६२०, आणि स्क्रीनवर शून्य.

या मशिनला मागे सीरियल पोर्ट नाही. इंडिकेटरची नऊ पिनांची केबल एका यूएसबी कन्व्हर्टरमधून येते. डिव्हाइस मॅनेजर उघडला तर त्या कन्व्हर्टरवर पिवळी खूण आणि नावाच्या जागी चक्क निरोप: ही चिप २०१२ पासून बंद आहे, विकणाऱ्याशी संपर्क साधा. विकणारा कुठला सापडायला. परवापर्यंत ती चालत होती, कारण जुन्या विंडोजवर त्या काळचा ड्रायव्हर पडून होता. नव्या विंडोजने आपणहून नवा ड्रायव्हर आणला आणि नवा ड्रायव्हर जुन्या चिपशी बोलायला तयार नाही. इथे बरेच जण जुना ड्रायव्हर शोधून जबरदस्तीने बसवतात. चालतोही. पुढच्या अपडेटला विंडोज पुन्हा नवा बसवतं आणि ऐन गर्दीत काटा पुन्हा मुका होतो. मी शेठना म्हटलं, जळगावच्या गोलाणी मार्केटमधून एफटीडीआय कंपनीच्या चिपचा नवा कन्व्हर्टर मागवा. शेठनी किंमत विचारली, ती ऐकून भाच्याकडे बघितलं, आणि जळगावहून येणाऱ्या एका गाडीवाल्याला फोन लावला.

कन्व्हर्टर येईपर्यंत दुसरी कामं उरकली. पावतीवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला निघत होता. प्रोग्राम युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच अक्षरपद्धतीच्या, आधीच्या धाटणीचा. त्यातलं मराठी म्हणजे एका ठरावीक फॉन्टची करामत. फॉन्ट नसेल तर "कापूस" हा शब्द कापूस राहत नाही. फॉन्टची फाइल जुन्या डिस्कवरून घेतली, डबल क्लिक करून बसवली, मराठी आलं. पोऱ्याच्या लॉगिनमध्ये गेलो तर पुन्हा काला. २०१८ च्या शेवटी आलेल्या १८०९ या आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये साधा बसवलेला फॉन्ट फक्त त्या लॉगिनपुरता बसू लागला, विंडोज ११ मध्येही तसंच आहे. सगळ्यांसाठी हवा असेल तर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स" म्हणावं लागतं. प्रिंटरचं काम सोपं होतं. प्रोग्रामला पावती एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टवरच पाठवायची सवय, प्रिंटर यूएसबीवर. प्रिंटर शेअर करून नेट यूज या कमांडने त्याला एलपीटी१ चं नाव दिलं. पूर्वीही कुणीतरी हेच केलेलं होतं.

चारच्या सुमारास कन्व्हर्टर आला. जोडला, पिवळी खूण नाही. पण मी लगेच प्रोग्राम उघडला नाही. आधी पुट्टी, म्हणजे पोर्टवर येईल ते जसंच्या तसं दाखवणारा प्रोग्राम, उघडून काटा स्वतः काय बोलतो ते बघितलं. ९६०० च्या वेगाला कचरा आला, २४०० ला स्वच्छ आकडे ओळीने धावू लागले. म्हणजे इंडिकेटर ठीक, केबल ठीक, कन्व्हर्टर ठीक. आता प्रोग्राममध्ये शून्य आलं तर दोष प्रोग्रामच्या बाजूला. आणि शून्यच आलं. कारण प्रोग्राम फक्त कॉम१ या पोर्टवर ऐकतो आणि नव्या कन्व्हर्टरला विंडोजने कॉम५ दिलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून तो कॉम१ केला. कन्व्हर्टर कायम त्याच यूएसबी खाचेत राहावा म्हणून तिथे चिकटपट्टी लावली आणि मार्करने "काढू नये" लिहिलं.

स्क्रीनवर ५६२० उमटलं तेव्हा पोऱ्या बाहेर धावत जाऊन ओरडला. अंधार पडेपर्यंत रांग संपली. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी पुन्हा जाऊन बसलो, दोन्ही लॉगिनमधून पावत्या, खातेउतारा, दिवसाचा गोषवारा, सगळं तपासलं. सगळं बरोबर. पैसे मिळाले, वर दिवाळीचा डबाही.

इथे प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहायलाच बसलो नसतो. असली दुरुस्ती दर महिन्याला होते.

६ नोव्हेंबर

गुरुवारी सकाळी मुनीमजींचा फोन. आवाज दबका. "साहेब, जरा येऊन जा. शेठना अजून सांगितलं नाही."

झालं होतं असं. पाळधीकडचा एक शेतकरी दिवाळीपासूनचा खातेउतारा मागायला आला. मुनीमजींनी २५ ऑक्टोबर ते ६ नोव्हेंबर अशी तारीख टाकली. उतारा कोरा. त्या शेतकऱ्याच्या पाच पावत्या होत्या, त्यातल्या तीन त्याच्या खिशात होत्या. तो म्हणाला, "मना कापूस गया कोठे मंग?" प्रश्न रास्त होता.

मी गेलो तेव्हा मुनीमजी घामाघूम. दिवसाचा गोषवारा रोज बरोबर येत होता. ३ तारखेचा काढला, ३ तारखेच्या सगळ्या पावत्या. ५ चा काढला, ५ च्या सगळ्या. पण दोन तारखांमधला उतारा मागितला की कोरा. एरर नाही, निरोप नाही, काही नाही. आणि हेच मला खटकलं. एरर देणारा प्रोग्राम निदान काहीतरी बोलतो तरी.

मी फाइलची प्रत लॅपटॉपवर घेऊन ॲक्सेसमध्ये उघडली आणि पावत्यांचा तक्ता क्रमांकाने लावला. ३१ ऑक्टोबरपर्यंत तारखा सुरळीत. त्यापुढची पावती ११ जानेवारी २०२५ ची. तिच्यापुढच्या पंचवीस-तीस पावत्याही ११ जानेवारीच्या. मग एकदम ११ मार्च. मग ११ एप्रिल. मग ११ मे. आणि त्या दिवसाच्या, म्हणजे सहा नोव्हेंबरच्या पावत्या ११ जूनच्या.

मुनीमजी माझ्या खांद्यावरून बघत होते. ते म्हणाले, "मे महिन्यात कापूस कुठून आणला?" चाळीस वर्षं कापसात घालवलेल्या माणसाला मे महिन्यातली आवक बघून जे वाटलं असेल, ते माझ्या डिग्रीला वाटलं नसतं. मेच्या शेवटी खान्देशात बागायतदार कापूस लावतो. वेचत नाही.

मला मात्र फेब्रुवारीने उत्तर दिलं. ११ फेब्रुवारीची एकही पावती नव्हती. जानेवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. म्हणजे १, ३, ४, ५, ६. आणि २ नोव्हेंबरला रविवार होता, खरेदी बंद. दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली होती. १ नोव्हेंबर म्हणजे ०१-११, ते वाचलं गेलं पहिल्या महिन्याची अकरा तारीख.

कारण असं. प्रोग्राम डेटाबेसला तारीख अक्षरांत लिहून पाठवतो, आणि ती कशी लिहायची हे विंडोजच्या रीजन सेटिंगमधल्या लहान तारखेच्या नमुन्यावरून घेतो. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये भारत निवडला की तो नमुना येतो दिवस-महिना-वर्ष, तिन्ही आकड्यांत. आपल्या डोळ्याला तेच बरोबर. पण ॲक्सेसचं डेटा हाताळणारं जे जेट नावाचं इंजिन आहे ते हुकमातली तारीख अमेरिकन पद्धतीने वाचतं, आधी महिना. अगदीच तसं वाचता येत नसेल तर मग दिवस आधी धरतं. १६-१०-२०२५ मध्ये सोळावा महिना नाही, म्हणून ते मुकाट्याने १६ ऑक्टोबर धरतं. १३ ते ३१ तारखांना ही चूक होऊच शकत नाही. १ ते १२ ला होतेच. अपवाद ११ नोव्हेंबरसारख्या तारखांचा, जिथे दिवस आणि महिना एकच. मी तपासणी केली १६ आणि १७ ऑक्टोबरला. माझ्या परीक्षेत प्रोग्राम पैकीच्या पैकी मिळवून पास झाला, कारण मी त्याला फक्त सोपे प्रश्न विचारले होते.

दिवसाचा गोषवारा बरोबर का येत होता, तेही यातच. पावती लिहिताना ३ नोव्हेंबरची ११ मार्च झाली, आणि गोषवारा मागतानाही ३ नोव्हेंबरची ११ मार्चच झाली. दोन चुका एकमेकींना भेटत होत्या. दोन तारखांच्या उताऱ्यात मात्र २५ ऑक्टोबर जशीच्या तशी राहिली आणि ६ नोव्हेंबरची ११ जून झाली. २५ ऑक्टोबरच्या पुढची आणि ११ जूनच्या आधीची पावती कुठे असणार. कागदावर छापलेली तारीख डेटाबेसकडे न जाता सरळ मशिनच्या घड्याळावरून येत होती, म्हणून शेतकऱ्याच्या खिशातली पावती बिनचूक.

मग जुन्या विंडोजवर एकोणीस वर्षं हे का झालं नाही? खणातली डिस्क दुसऱ्यांदा बाहेर आली. विंडोजमध्ये प्रत्येक लॉगिनच्या सेटिंग एनटीयूझर.डॅट नावाच्या फाइलीत असतात. रजिस्ट्री एडिटरमध्ये "लोड हाइव्ह" म्हणून जुन्या डिस्कवरची ती फाइल उघडता येते, जुनं विंडोज सुरू न करताही. उघडली. कंट्रोल पॅनलखाली इंटरनॅशनल, त्यात लहान तारखेचा नमुना: दिवस आकड्यांत, महिना तीन अक्षरांत, वर्ष आकड्यांत. ०१-नोव्ह-२०२५ सारखा. महिना अक्षरांत असला की जेट इंजिनाला चुकायला जागाच उरत नाही. त्या पुण्याला गेलेल्या पोराने ही सेटिंग हाताने करून ठेवली होती आणि कुठेही लिहून ठेवली नव्हती. मुनीमजींना मग आठवलं. "नवीन मशीन आलं की तो यायचा आणि घड्याळापाशी काहीतरी करायचा. आम्हाला वाटायचं वेळ लावतोय."

मी लॅपटॉपवरच्या प्रतीवर आधी खात्री केली. नमुना आकड्यांचा ठेवून पावती टाकली, ११ जून. नमुना बदलून टाकली, ६ नोव्हेंबर. मग जिनिंगच्या मशिनवर बदल केला, दोन्ही लॉगिनमध्ये वेगवेगळा, कारण ही सेटिंगही फॉन्टसारखीच माणसागणिक असते. रीजनच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टॅबमधून पुढे होणाऱ्या नव्या लॉगिनसाठीही तीच लावून ठेवली.

राहिला बिघडलेला डेटा. खरेदी तासभर थांबवली, आता शेठना सांगावंच लागलं. ते काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून बाजूला बसले. बोलले असते तर बरं वाटलं असतं. फाइलच्या दोन प्रती काढून ठेवल्या. पावती क्रमांक सलग असल्यामुळे कोणत्या पावतीपासून गडबड हे पक्कं माहीत होतं. त्या क्रमांकापुढच्या आणि ११ तारखेच्या जेवढ्या नोंदी, त्यांचा दिवस महिन्याच्या जागी आणि महिना दिवसाच्या जागी, अशी एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायचा हुकूम, लिहिली. क्रमांकाची अट न घालता नुसती ११ तारीख धरली असती तर मागच्या हंगामातल्या खऱ्या ११ जानेवारीच्या पावत्याही हलल्या असत्या. १४३ नोंदी बदलल्या.

मुनीमजींचा कॉम्प्युटरवर विश्वास उरला नव्हता आणि मला त्याचा राग आला नाही. त्यांनी कार्बन प्रतींचा गठ्ठा काढला आणि एकेक पावती मिळवायला बसले. पोऱ्या क्रमांक वाचतो, मी स्क्रीनवर तारीख वाचतो, ते टिक करतात. दीड तासाने त्यांनी हात वर केला. दोन पावत्या जुळत नव्हत्या. दोन्ही ट्रॅक्टर ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी भरलेले तोलले होते, रात्री आवारातच मुक्कामाला राहिले, १ तारखेला सकाळी रिकामे तोलले. प्रत्येक पावतीत दोन तारखा असतात, भरल्या वजनाची आणि रिकाम्या वजनाची. त्यांची पहिली बरोबर होती, दुसरी ११ जानेवारी. क्रमांकही ३१ तारखेचे, त्यामुळे माझ्या क्वेरीच्या चाळणीतून दोन्ही सुटल्या होत्या. त्या हाताने दुरुस्त केल्या. मी एकटा असतो तर त्या तशाच राहिल्या असत्या आणि मार्चअखेरीला सीए साहेबांनी विचारलं असतं की हा ट्रॅक्टर भरायच्या नऊ महिने आधी रिकामा कसा झाला.

पाळधीच्या शेतकऱ्याचा उतारा निघाला, पाचही पावत्या होत्या. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, मंग भाव काय शे आज.

त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. शेठनी आग्रहही केला नाही, ते बरोबरच होतं.

भाच्याला मी संध्याकाळी फोन केला. तो आपलीच चूक धरून बसला होता. त्याला सांगितलं की तू डिस्क पुसली असतीस तर आज मला ती सेटिंग सापडायला आठवडा लागला असता. मग दोघांनी मिळून एक कागद केला: कोणत्या फाइली कुठे, कोणता पोर्ट, २४०० चा वेग, फॉन्टचं नाव, तारखेचा नमुना. तो छापून केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला आहे. जुनी डिस्क खणातच आहे, वर तारीख घालून.

१ डिसेंबर सोमवार होता. मी सकाळी साडेनऊला फोन करून मुनीमजींना २५ नोव्हेंबर ते १ डिसेंबरचा उतारा काढायला सांगितला. त्यांनी तो माझ्या फोनच्या आधीच काढून ठेवला होता.